हाक कोणाची आणि पोचली कोठे?

श्रोतेहो, आमच्या वऱ्हाडातील जुन्या वाड्यांना एक मोठा दरवाजा आणि त्याला आतून अडसर असे. रात्री कडी वाजली की घरातील वडील मनुष्य आतूनच विचारी, "कोण आहे?" आणि बाहेरून बहुधा एकच उत्तर येई, "मी आहे, मी." तर्काच्या दृष्टीने पाहू गेल्यास हे उत्तर अगदीच निरुपयोगी होय, कारण जगातील प्रत्येक मनुष्य स्वतःला 'मी'च म्हणवितो. तथापि अडसर निघे. कारण आतल्या माणसाने शब्दाकडे लक्षच दिलेले नसे, त्याने आवाज ओळखलेला असे. आवाज अनोळखी असला तर लागलीच दुसरा प्रश्न येई, "मी कोण? कोणाचा? कोणत्या गावचा?" ह्या प्रश्नांचे समाधान झाल्यावाचून दार उघडत नसे.

आज आपल्या घरी जी हाक येते ती दारावर न येता टेलिफोनवर येते, आणि "कोण आहे?" असे विचारण्यापूर्वीच यंत्राच्या पडद्यावर एक आकडा उमटून 'मी आहे' असे सांगतो. ह्या सोयीला कॉलर आयडी म्हणतात. आपण घरी नसलो तर तीच हाक आपण असू तेथे वळवून देण्याचीही सोय आहे. तिला कॉल फॉरवर्डिंग म्हणतात. पूर्वी ह्या दोन्ही गोष्टी तांब्याच्या तारेवर चालत. अलीकडे पुष्कळ घरांतील टेलिफोन इंटरनेटवर चालू लागला आहे. तेव्हा हाक कोणाची हे सांगणारा आकडा आणि हाक पोचविणारे वळण, ह्या दोहोंवर कितपत विसंबावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाचा झाला आहे. त्याचे उत्तर आजच्या यंत्रांतच शोधू गेल्यास बुद्धी गोंधळून जाते. इतिहासात शोधल्यास ते पुष्कळसे उलगडते, असा माझा अनुभव आहे.

प्रारंभ तारायंत्रापासून करू. आगगाडीचा रस्ता भुसावळहून अकोला, बडनेरा ह्या मार्गाने १८६७ साली नागपुरास पोचला. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंतचा फाटा झाला आणि त्याच्या उद्घाटनासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आले. त्याच वर्षी समुद्रातून टाकलेल्या तारेने मुंबई विलायतेशी जोडली गेली. जी खबर यावयास पूर्वी महिना लागे, ती तासांत येऊ लागली. वऱ्हाडच्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारावर हलत असे.

परंतु ह्या वेगाबरोबर एक उणीवही आली, आणि आपल्या आजच्या विषयाचे मूळ तिच्यातच आहे. पत्र आले तर त्यातील अक्षर ओळखता येते. सही ताडून पाहता येते. तारेत अक्षर तारमास्तरचे असते. खाली नाव कोणाचे घालावयाचे ते तार करणाराच सांगतो. म्हणजे तारेखालचे नाव ही पाठविणाराची साक्ष स्वतः पाठविणारानेच दिलेली असते. व्यापारी लोक ह्यात फसणारे नव्हते. त्यांनी सांकेतिक शब्दांच्या वह्या ठेवल्या. 'ए.बी.सी. कोड' नावाचे असे एक इंग्रजी पुस्तक १८७३ साली छापले गेले आणि ते पुष्कळ खपले. ह्या संकेतांनी शब्दांचा खर्च वाचे. पण ज्या पेढ्यांनी आपापसांत खाजगी संकेत ठरविले होते त्यांना आणखी एक लाभ होई. संकेत जुळला की तार आपल्याच माणसाची, असे समजता येई. इकडे सरकारनेही १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात अशी तरतूद केली की, तारखात्याच्या ज्या नोकराने एखादा संदेश दडविला, बदलला किंवा भलत्यास उघड केला, त्याला कैदेची शिक्षा व्हावी. तार आपल्या घराशिवाय दुसरीकडे वळविली गेली तर जाब कोणाला विचारावयाचा, हे त्या कायद्याने ठरविले. तारेची सेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण ह्या दोन उपायांचे, म्हणजे आपापसांतील संकेत आणि जाब देणारा मनुष्य ह्यांचे, महत्त्व तिच्याबरोबर संपलेले नाही.

टेलिफोनचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांना १८७६ साली मिळाले, आणि २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील एक्स्चेंजे रीतसर सुरू झाली. तारेने जो आवाज हिरावून घेतला होता तो टेलिफोनने परत आणून दिला. शिवाय मध्ये एक मनुष्य बसला. हा एक्स्चेंजातील ऑपरेटर. आमच्या भागातील लहान गावांत हाताने जोडणी करणारी एक्स्चेंजे पुष्कळ वर्षे टिकून होती, आणि माझ्या पिढीने ती वापरली आहेत. अकोल्याहून अमरावतीस बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार असत. पी.पी. नावाचाही एक प्रकार होता. त्यात ज्या विशिष्ट माणसाशी बोलावयाचे त्याचे नाव आधी सांगावयाचे, आणि ऑपरेटरने तोच मनुष्य यंत्रापाशी आला असल्याची खात्री करून मग जोडून द्यावयाचे. आज कोणत्याही यंत्राला न साधणारे हे काम तो साध्या चौकशीने करीत असे.

ह्याच दोन अक्षरांना आपल्या मध्यमवर्गीय घरांत आणखी एक अर्थ आला होता. ज्याच्या घरी टेलिफोन नसे तो आपल्या पत्रावर शेजाऱ्याचा क्रमांक छापी आणि त्यापुढे कंसात 'पी.पी.' असे लिही. हाक शेजाऱ्याकडे येई. शेजाऱ्याचा मुलगा धावत जाऊन बोलावून आणी. कॉल फॉरवर्डिंग ह्या विलायती नावाच्या सोयीचा हा आमचा देशी अवतार होय. तो मंद होता, पण त्यात एक गुण होता. आपण घरी नसलो तर तो मुलगा परत जाऊन "काका गावाला गेले आहेत, गुरुवारी येतील" असे सांगे. हाक पोचली नाही, हे निदान हाक मारणाराला कळत असे.

परंतु मनुष्य मध्ये असला म्हणजे सर्व ठीक, असेही समजू नये. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ प्रेतसंस्काराची व्यवस्था करण्याचा धंदा करीत असे. त्याच्याविषयी अशी हकीकत सांगतात की, एक्स्चेंजातील ऑपरेटर बाई ही त्याच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नी होती आणि त्याला येणाऱ्या हाका ती आपल्या नवऱ्याकडे वळवून देते, असा त्याला संशय आला. संशय खरा होता की खोटा, ते बाजूस ठेवू. पण त्यातून त्याने मनुष्यावाचून जोडणी करणारे यंत्र कल्पिले आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढल्याच वर्षी ला पोर्ट ह्या गावी त्याच्या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज चालू झाले. आपल्या देशात स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ साली सिमल्यास बसविण्यात आले. तेव्हा श्रोतेहो, आज आपण जी तक्रार करतो ती नवी नाही. हाक भलतीकडे वळविली जाते, ह्याच तक्रारीच्या पोटी स्वयंचलित टेलिफोनचा जन्म झाला.

ऑपरेटर गेला तरी एक आधार राहिला, तो तांब्याच्या तारेचा. प्रत्येक घरातून तारेची एक जोडी निघून एक्स्चेंजापर्यंत जाई. हाक कोणत्या जोडीवरून आली हे एक्स्चेंजाला कळत असे. कारण त्यावरच बिलाची आकारणी व्हावयाची. क्रमांक हा माणसाचा नसून तारेचा होता, आणि तार घराच्या भिंतीत पक्की रुतलेली होती. १९६० साली कानपूर-लखनौ ह्या शहरांमध्ये पहिली एस.टी.डी. सुरू झाली. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट ह्या संस्थेने लहान गावांना परवडतील अशी एक्स्चेंजे तयार केली. पुढे पडद्याची एक लहानशी डबी टेलिफोनला जोडून येणाऱ्या हाकेचा क्रमांक दिसू लागला. भारतात १९९५ साली मोबाइल आला. त्यात आरंभी आलेल्या हाकेचेही पैसे पडत, आणि हा आकार १ मे २००३ पासून नव्या पद्धतीने उठला. पैसे पडत होते त्या काळात, उचलावे की न उचलावे हे ठरविण्यासाठी, मनुष्य पडद्यावरचा आकडा वाचावयास शिकला. वाचता वाचता त्यावर विश्वास ठेवावयासही शिकला. तो विश्वास त्या वेळी अनाठायी नव्हता.

आता इंटरनेटकडे वळू. आपल्या देशात इंटरनेटवरून बोलण्याची मर्यादित परवानगी १ एप्रिल २००२ पासून मिळाली. इंटरनेटवरून कोणत्याही साध्या टेलिफोनशी बोलण्याची वाट मात्र २०१८ साली मोकळी झाली, आणि त्या जुलै महिन्यात भारत संचार निगमने 'विंग्ज' नावाची सेवा जाहीर केली. ह्या पद्धतीत हाक सुरू होते ती एका लहानशा चिठ्ठीने. एस.आय.पी. नावाचे जे नियम त्यासाठी सर्वत्र वापरतात, त्यांप्रमाणे त्या चिठ्ठीवर 'कोणाकडून' आणि 'कोणास' असे दोन रकाने असतात. ह्यातील 'कोणाकडून' हा रकाना पाठविणाऱ्या बाजूनेच भरावयाचा असतो. पाकिटाच्या पाठीवर लिहिलेले नाव आणि पाकिटावरील टपालाचा शिक्का ह्यांत जो भेद, तोच येथे ध्यानात घ्यावा. नाव कोणीही कोणाचेही लिहू शकतो. शिक्का मारतो तो टपालवाला. ज्या कंपन्या आपल्या ग्राहकाचा क्रमांक तपासून आपला शिक्का मारतात, त्यांच्याकडून आलेला आकडा भरवशाचा असतो. ज्या तपासत नाहीत, त्यांच्याकडून आलेला आकडा म्हणजे पाकिटाच्या पाठीवरचे नाव. पडद्यावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. अडचण आहे ती एवढीच, आणि ती मोठी आहे.

वळणाच्या सोयीतही असाच एक न दिसणारा भेद आहे. हाक वळवावी ही आज्ञा कंपनीच्या यंत्रशाळेत नोंदविलेली असली, तर आपल्या घरचे यंत्र बंद असले तरी हाक वळते. तीच आज्ञा घरातल्या यंत्रात नोंदविली असली, तर वीज गेली, इंटरनेट तुटले, की यंत्राबरोबर आज्ञाही निद्रिस्त होते. जुन्या तांब्याच्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजातील बॅटऱ्यांतून तारेवाटेच मिळे. त्यामुळे भारनियमनाच्या काळात वऱ्हाडातील गावेच्या गावे अंधारात असताना टेलिफोन तेवढा जिवंत असे. नव्या पद्धतीत घरातील पेटीला घरचीच वीज लागते.

ह्या भेदाची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून सांगतो. माझे घर अकोल्यास आणि कन्या अमरावतीस. घरचा टेलिफोन इंटरनेटवर गेला तरी क्रमांक जुनाच राहिला, ह्याचा मला आनंद वाटला होता. एका पावसाळ्यात चार दिवस अमरावतीस राहावयाचे होते, म्हणून घरच्या यंत्रातील बटणे दाबून येणाऱ्या हाका माझ्या मोबाइलकडे वळविल्या आणि निश्चिंतपणे निघालो. दुसऱ्या रात्री अकोल्यास वादळ होऊन वीज गेली. त्याच रात्री मूर्तिजापुरास माझे एक सहाध्यायी शिक्षक अत्यवस्थ झाले. त्यांना माझा एकच क्रमांक पाठ होता, तीस वर्षांपूर्वीचा, घरचा. त्यांच्या मुलाने तो तीनदा फिरविला. त्याला नुसती घंटा ऐकू येत राहिली. मला काहीच ऐकू आले नाही. मूर्तिजापूर हे अकोला आणि अमरावती ह्यांच्या मधोमध. बातमी कळती तर तासा-दीड तासात मी त्यांच्या उशाशी असतो. मला ती तिसऱ्या दिवशी कळली, तेव्हा जाऊन बसावयाचे ते मुलापाशी. कंपनीच्या माणसाने नम्रपणे सांगितले, "आपण वळण यंत्रात लावले होते, आमच्याकडे लावावयास हवे होते." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु हे मला आधी कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणास विचारले नव्हते. शेजाऱ्याचा तो धावणारा मुलगा असता तर त्याने निदान "ते अमरावतीस आहेत" एवढे तरी सांगितले असते.

ही झाली निष्काळजीपणाची गोष्ट. लबाडीची गोष्ट निराळी आणि अधिक गंभीर आहे. २०१७ साली लातूर जिल्ह्यात पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने बेकायदा टेलिफोन एक्स्चेंजे उघडकीस आणली. ह्या धंद्याची रीत अशी की, परदेशातून इंटरनेटवर आलेली हाक एका खोलीतील यंत्रात घ्यावयाची आणि तेथे लावून ठेवलेल्या अनेक स्थानिक सिमकार्डांपैकी एकावरून पुढे सोडावयाची. ऐकणाऱ्याला दिसतो आपल्याच देशाचा साधा मोबाइल क्रमांक. हाक मात्र समुद्रापलीकडची. सरकारचा महसूल बुडतो आणि हाकेचा माग लागत नाही.

वळणाच्या सोयीचाही असाच दुरुपयोग झाला. लबाड मनुष्य टेलिफोन कंपनीचा अधिकारी असल्याची बतावणी करी आणि सांगे, "आपल्या सिममध्ये बिघाड आहे, *४०१# ह्या संकेताबरोबर मी सांगतो तो क्रमांक दाबा." भोळ्या ग्राहकाने तसे केले की त्याच्या सर्व हाका लबाडाकडे वळत, बँकेची परवलीची अक्षरे आवाजावाटे सांगणारी हाकसुद्धा त्याच्याकडेच जाई. ह्यास्तव दूरसंचार विभागाने कंपन्यांना आज्ञा केली की, १५ एप्रिल २०२४ पासून ह्या संकेताने हाका वळविण्याची सोय स्थगित करावी. पुढे २२ ऑक्टोबर २०२४ रोजी, परदेशातून येणाऱ्या पण भारतीय क्रमांकाचा मुखवटा घातलेल्या हाका अडविणारी यंत्रणा सरकारने सुरू केली. सरकारने दिलेल्या आकड्याप्रमाणे पहिल्या चोवीस तासांतच अशा सुमारे १ कोटी ३५ लाख हाका तिने ओळखून अडविल्या. एका अहोरात्रात देशाच्या दारावर 'मी आहे, मी' असे खोटे सांगणारे एवढे आवाज आले, हे ध्यानात आले म्हणजे अडसराची थोरवी पटते.

ह्यावर उपाय चाललेले आहेत. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पासून अशी सक्ती झाली की, इंटरनेट पद्धतीने जाणाऱ्या हाकेच्या क्रमांकावर त्यांनी आपली अंकीय मोहर उमटवावी. लखोट्यावरच्या लाखेसारखीच ती असते. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी शिफारस केली की, पडद्यावर क्रमांकाबरोबर ग्राहकाचे नोंदलेले नावही दाखवावे. दोन्ही उपाय स्तुत्य आहेत. परंतु त्यांची मर्यादा विसरू नये. मोहर सांगते की क्रमांक खरा आहे. बोलणारा खरा आहे असे ती सांगत नाही. नाव सांगते की हे सिम अमक्याच्या नावावर आहे. ते आज कोणाच्या हातात आहे हे सांगत नाही.

ह्या दीडशे वर्षांच्या हकीकतीतून मला एकच गोष्ट निष्पन्न होताना दिसते. हाकेचा भरवसा तारेत नव्हता, तांब्यात नव्हता आणि आज इंटरनेटातही नाही. जेथे चुकीबद्दल जाब देणारा कोणी होता, तेथे भरवसा होता. तो दिसेनासा झाला की भरवसाही डळमळला. तारमास्तराला कायद्याचा धाक होता. पी.पी. कॉल जोडणारा ऑपरेटर नाव विचारून खात्री करी. शेजाऱ्याच्या मुलाला दुसऱ्या दिवशी आपल्याला तोंड दाखवावयाचे होते. आज हाक अनेक कंपन्यांच्या हातांतून येते, आणि प्रत्येक हात म्हणतो की, मी मागच्याने दिले तेच पुढे दिले. सरकारने आणि कंपन्यांनी हे हात मोजावेत, त्यांवर नावे घालावीत, हे त्यांचे कर्तव्य. आणि ग्राहक म्हणून ते आपण मागितले पाहिजे.

तोपर्यंत घराचा अडसर आपल्याच हाती आहे. पडद्यावर बँकेचा, पोलिसांचा किंवा पोटच्या मुलाचा क्रमांक दिसला तरी पैशाची वा परवलीच्या अक्षरांची गोष्ट निघताच टेलिफोन खाली ठेवावा आणि आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः हाक मारावी. आकड्याचा मुखवटा घालून येता येते, पण आपण उलट मारलेली हाक सहसा मुखवट्याकडे जात नाही. कापसाच्या व्यापाऱ्यांप्रमाणे घरातील माणसांनी आपसांत एखादा संकेताचा शब्द ठरवून ठेवावा. फसवणूक झालीच तर संकोच न करता १९३० ह्या क्रमांकावर त्वरित कळवावे. आणि हाका वळवून गावाला जावयाचे असेल तर आज्ञा कंपनीकडे नोंदली आहे की घरच्या पेटीत, हे विचारून घ्यावे. पेटीची वीज बंद करून दुसऱ्या टेलिफोनवरून एकदा हाक मारून पाहावी. ह्यास पाच मिनिटे लागतात. मी ती पाच मिनिटे दिली नाहीत.

मूर्तिजापूरचे माझे मित्र आता नाहीत. त्यांच्या मुलाने माझा मोबाइल क्रमांक, कन्येचा क्रमांक आणि आमच्या शेजाऱ्यांचा क्रमांक, असे तिन्ही एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले आहेत. शेजाऱ्यांच्या क्रमांकापुढे त्याने कंसात दोन अक्षरे लिहिली आहेत, 'पी.पी.'